वाचलेला वेळ कुणाच्या खात्यात?

परवा मंगळवारच्या रिव्ह्यूत आमच्या एमडींनी मला सरळच विचारलं, "एआयचं सगळं ऐकलं, पण यातून माणसं किती कमी होतील तो आकडा सांगा ना." त्यांचा हेतू वाईट नव्हता. कस्टमर दरवर्षी पार्टची किंमत थोडी खाली आणायला लावतोच, ऑटो कंपोनंटच्या धंद्यात हे कुणाला चुकलेलं नाही, त्यामुळे ते आकडा मागणारच. पण मी आकडा दिला नाही. मी म्हटलं, सर, त्याआधी या शीटमधला एक रकाना भरायचाय आणि तो तुम्हीच भरायचाय. कुठला रकाना ते सांगतोच, पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

मी चाकणला एका ॲल्युमिनियम कास्टिंग आणि मशीनिंगच्या कंपनीत आयटी आणि हल्ली ज्याला डिजिटल म्हणतात ते सगळं बघतो, नऊ वर्षं झाली. त्याआधी तेरा वर्षं हिंजवडीत सॉफ्टवेअर सर्व्हिसेसमध्ये होतो, तिथे मी कस्टमरला सोल्यूशन विकायला जायचो आणि आता माझ्याकडे लोक विकायला येतात. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी लोकांसमोर आलं आणि तेव्हापासून असा आठवडा आठवत नाही की कुणी लॅपटॉप उघडून "सर, फक्त दहा मिनिटं" म्हणत आलं नाही. त्या प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये एक स्लाइड ठरलेली असते, इतके मॅन-अवर्स वाचतील म्हणून. मला त्या स्लाइडवर एकच विचारायचं असतं, की वाचलेले तास जाणार कुठे? वेळ काही पाण्यासारखा टाकीत साठत नाही. तो कुणाच्या तरी वाट्याला जातोच, तुम्ही ठरवलंत तर तुम्ही म्हणाल तिकडे, आणि नाही ठरवलंत तर ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे.

आमच्याकडचंच सांगतो. एआयचं पहिलं काम आम्ही अकाउंट्समध्ये केलं, वेंडर बिलांचं. ज्यांनी हे काम जवळून बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, परचेसने ऑर्डर काढलेली असते, माल गेटवर आला की स्टोअरवाले मोजून जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, करतात, मग वेंडरचं बिल येतं, आणि हे तिन्ही कागद एकमेकांशी जुळले तरच पेमेंट पुढे सरकतं. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात ऑर्डर नगावर, जीआरएन किलोत, बिलात रेट जुना, एचएसएन कोड, म्हणजे जीएसटीसाठीचा मालाचा नंबर, तिसराच, जॉब वर्कच्या चलनाचा नंबर हाताने खरडलेला आणि स्टोअरचा गोल शिक्का नेमका त्या नंबरावरच बसलेला. भोसरी-तळवड्याचे लहान प्लेटिंगवाले, बफिंगवाले अजून बिलबुकातलं पान फाडून त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकतात. आमच्या अकाउंट्समधल्या एक ताई गेली अकरा वर्षं हे जुळवत आल्यात. डाव्या हाताखाली जीआरएनची फाइल, उजवीकडे बिलांचा गठ्ठा, पेन्सिलीची बारीक टिक, आणि दुपारी चारपर्यंत मान वर नाही.

आता ती बिलं एआय वाचतं, फोटो वाकडा असला तरी वाचतं, तिन्ही कागद जुळले तर हिरवं करतं आणि नाही जुळले तर का नाही ते एका ओळीत मराठीत लिहून ताईंसमोर ठेवतं. पास करायचं बटण ताईंकडेच आहे, ते आम्ही मशीनला दिलेलं नाही. पहिल्याच महिन्यात त्यांचे रोजचे दोन-अडीच तास मोकळे झाले आणि मी मोठ्या खुशीत रिव्ह्यूला तो आकडा दाखवला. पुढे दीड महिन्याने त्यांच्या टेबलापाशी सहज थांबलो तर गठ्ठा तेवढाच. मी विचारलं, सिस्टिम बंद आहे का? त्या म्हणाल्या, "नाही सर, सिस्टिम छान चालते. पण मी मोकळी दिसायला लागले ना, मग डिस्पॅचची ई-वे बिलं, कँटीनचा हिशोब, ट्रॅव्हलची व्हाउचर्स, सगळं इकडे यायला लागलं. काम कमी नाही झालं सर, दुसऱ्यांचं माझ्याकडे आलं." मला ते फार लागलं. यात चूक ताईंची नव्हती, त्यांच्या मॅनेजरचीही नव्हती, माझी होती, मी त्यांचा वेळ वाचवला आणि उघड्यावर ठेवून दिला, मग ज्याला दिसला त्याने तो उचलला.

मग सीएफओंबरोबर बसलो. आमच्याकडे लहान वेंडरच्या पेमेंटचा प्रश्न कायमचा. एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं पेमेंट करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत करावं लागतं, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, आणि २०२३-२४ पासून आयकराच्या ४३बी कलमात नवीन तरतूद आली की मुदतीत दिलं नाही तर ती रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून धरता येत नाही. म्हणजे उशीर केला तर आमचाच टॅक्स वाढतो. आणि उशीर बहुतेक वेळा पैसे नाहीत म्हणून होत नाही, बिल कुठल्यातरी फालतू चुकीपायी तीन टेबलांवर फिरत राहतं म्हणून होतो. तर ठरलं असं की सकाळी अकरा ते एक ताई फक्त लहान वेंडर बघतील, दुसरं कुणी काही आणून टाकायचं नाही, आणि हे मेल करून सगळ्या हेड्सना कळवलं. आता बिल अडकलेलं दिसलं की त्या स्वतः फोन लावतात, "दादा, चलन नंबर चुकलाय, दुसरं बिल पाठवू नका, फक्त नंबर सांगा, मी इथे लिहून घेते." आधी हाच माणूस पेमेंटसाठी आमच्या गेटवर फेऱ्या मारायचा, सिक्युरिटीच्या रजिस्टरमध्ये सही करून बाकावर बसून राहायचा. त्याच्या शेडमध्ये आठ-दहा पोरं कामाला, त्यांचा पगार आमच्या पेमेंटवर अवलंबून. बिल एआयने वाचलं हे खरंच आहे, पण पैसे वेळेवर गेले ते त्या फोनमुळे, आणि फोनला वेळ मिळाला तो आम्ही राखून ठेवला म्हणून.

हे "कुणाच्या वाट्याला" माझ्या डोक्यात मुळात बसलंय ते बाबांमुळे. बाबा सांगली जिल्ह्यात एका राष्ट्रीयीकृत बँकेत क्लार्क होते. माझ्या लहानपणी बँकांचं वर्ष डिसेंबरला संपायचं, त्यामुळे जून आणि डिसेंबर म्हणजे क्लोजिंग. सेव्हिंगच्या एकेका खात्याचं व्याज हाताने काढायचं, लेजरच्या बेरजा जनरल लेजरशी टॅली करायच्या, आणि अकरा रुपये चाळीस पैशांचा फरक राहिला तर तो सापडेपर्यंत अख्खी शाखा रात्री बारा-एकपर्यंत बसलेली. आई मला डबा घेऊन पाठवायची. आत गेलं की पिवळ्या बल्बखाली सहा-सात माणसं, एक जण आकडे मोठ्याने वाचतोय, दुसरा "हां, हां" करत टिक करतोय, आणि कुणाचंही डब्याकडे लक्ष नाही, हे चित्र डोळ्यांसमोरून जात नाही.

१९८४ साली रंगराजन समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाचा आराखडा मांडला, पुढे शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची मशीनं आली, संघटनांनी कडाडून विरोध केला, १९९३ मध्ये करार झाला आणि मग कॉम्प्युटरायझेशनने वेग घेतला. ग्राहकाचं भलं झालं यात शंकाच नाही, आज कुठल्याही शाखेतून, कुठल्याही एटीएममधून पैसे निघतात ते त्यामुळेच. पण २०००-०१ मध्ये व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीची योजना, आली आणि सरकारी बँकांमधून एक लाखाहून जास्त लोक बाहेर पडले, बाबा त्यातलेच. त्यांना मी एकदा विचारलं होतं की तुम्हाला मशीनचा राग येतो का. म्हणाले, "राग कशाला, मशीन आलं ते चांगलंच झालं, परत लेजर लिही म्हटलं तर मी नाही लिहिणार. पण आमचा जो वेळ वाचला तो कुणाच्या खात्यात जमा झाला ती एंट्री मला पासबुकात कधी दिसली नाही." मी आज ज्या खुर्चीत बसतो तिथून ती एंट्री करणं माझ्या हातात आहे, निदान थोडी तरी, म्हणून मला तो रकाना इतका महत्त्वाचा वाटतो.

आता कुणी म्हणेल हे सगळं भावनेचं झालं, धंद्याचं बोला. धंद्याचंच बोलतोय. पॉल डेव्हिड या अर्थतज्ज्ञांचा १९९० चा एक निबंध आहे, त्यात डायनामो आणि कॉम्प्युटर यांची तुलना केलीय. एडिसनचं वीजकेंद्र न्यूयॉर्कमध्ये पर्ल स्ट्रीटवर १८८२ ला सुरू झालं, पण अमेरिकेतल्या कारखान्यांच्या उत्पादकतेत वीज दिसायला १९२० चं दशक उजाडावं लागलं. का, तर मालकांनी आधी काय केलं, वाफेचं इंजिन काढलं आणि त्याच जागी एक मोठी मोटर बसवली. वरचा लांब शाफ्ट तोच, पट्टे तेच, मजल्यावर मजले असलेली इमारत तीच. पुढे जेव्हा प्रत्येक मशीनला स्वतःची मोटर आली, मशीनं शाफ्टच्या सोयीने न लावता कामाच्या ओघाप्रमाणे लावता यायला लागली, एकमजली मोकळी शेड झाली, तेव्हा कुठे फायदा दिसला. आमच्या मशीनशॉपमध्ये उभं राहून विचार केला की हे फार पटतं. रॉबर्ट सोलो १९८७ मध्ये म्हणालेच होते की कॉम्प्युटरचं युग सगळीकडे दिसतं, फक्त उत्पादकतेच्या आकडेवारीत दिसत नाही. आज कंपन्या एआय आणतात ते जुन्या शाफ्टवरच चढवतात, ताईंच्या टेबलावर मीही पहिले दीड महिने तेच केलं. मांडणी बदलायची म्हणजे माणसाच्या दिवसाची मांडणी बदलायची, अकरा ते एक कोण काय करेल इथपर्यंत उतरायचं, त्याशिवाय नुसतं लायसन्सचं बिल येत राहतं.

आणि मुळात वेळ वाचला का हेही घड्याळ लावून बघायला हवं, नुसतं वाटून उपयोग नाही. मेटर नावाच्या संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रामर घेऊन प्रयोग केला, २४६ कामं, काही एआयची मदत घेऊन आणि काही न घेता. त्या लोकांना काम संपल्यावरही वाटत होतं की आपण २० टक्के लवकर उरकलं, प्रत्यक्षात एआय वापरलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला होता. म्हणून आमच्या टीममध्ये मी "सर, खूप फास्ट झालं" एवढ्यावर काहीच मंजूर करत नाही.

पण खरी गोष्ट सांगायचीय ती पुढची आहे, कारण काही वेळ असा असतो की तो वाचवायचाच नसतो, आणि हे मला एका एट-डी रिपोर्टने शिकवलं.

कस्टमर कंप्लेंट आली की आम्हाला एट-डी द्यावा लागतो, म्हणजे आठ टप्प्यांचा रिपोर्ट, त्यात चौथा टप्पा मूळ कारणाचा, तिथे का-का-का असं पाच वेळा विचारत तळापर्यंत जायचं. क्वालिटीतली पोरं हे रिपोर्ट लिहून वैतागतात, इंग्रजी नीट हवं, फॉरमॅट कस्टमरचा हवा, सुरुवातीचं उत्तर २४ तासांत हवं. तर मीच त्यांना एआय वापरायला दिलं. एका हाउसिंगची, म्हणजे आत दुसरे भाग बसतात त्या कवचाची, कंप्लेंट आली होती, कस्टमरने त्यांच्याकडे मशीनिंग केल्यावर एका कोपऱ्यात पोरॉसिटी उघडी पडली, बारीक बारीक भोकं. आमच्या इंजिनिअरने फोटो आणि चार ओळी टाकल्या, वीस मिनिटांत रिपोर्ट तयार, इतका सुंदर की मीही वाचून खूश झालो. पाच का, पाच उत्तरं, शेवटी मूळ कारण काय तर ऑपरेटरला पुरेसं ट्रेनिंग नव्हतं. उपाय काय तर ट्रेनिंग दिलं, मशीनजवळ चित्रांचा बोर्ड लावला, चेकलिस्ट सुधारली. कस्टमरने कंप्लेंट बंद केली. तीन आठवड्यांनी तोच पार्ट, तोच कोपरा, तीच भोकं.

मग आम्ही सगळे मशीनवर गेलो. डाय, म्हणजे ॲल्युमिनियम ओतायचा साचा, त्याच्या मेंटेनन्सला आमच्याकडे एक काका आहेत, सगळे त्यांना काकाच म्हणतात, पुढच्या वर्षी रिटायर होतायत. ते काही बोलले नाहीत, डाय उघडली की हात मागे बांधून नुसते बघत उभे राहिले, पाच-सहा शॉट, म्हणजे ओतायच्या खेपा, बघितल्या. मग म्हणाले, "साहेब, स्प्रे मारल्यावर बघा, बाकी सगळीकडे ओल राहते जरा वेळ, या कोपऱ्यात मारला की लगेच वाळतो." म्हणजे डायचा तो कोपरा जास्त गरम राहत होता. डाय उतरवली, कूलिंगची ती एक लाइन उघडली तर आत क्षार चढून जवळजवळ बंद. मधे पाण्यातले क्षार काढणारा सॉफ्टनर बिघडला होता तेव्हा काही दिवस बोअरचं पाणी चालवलं होतं, त्याचा परिणाम. पाणी फिरेना म्हणून कोपरा तापायचा, तिथलं ॲल्युमिनियम सगळ्यात शेवटी थिजायचं, आणि आतून पोकळ राहायचं. ज्या ऑपरेटरचं ट्रेनिंग कमी पडलं असं आम्ही लिहून दिलं होतं त्याचा यात काडीचा संबंध नव्हता. त्याच्या फाइलला ट्रेनिंगचा कागद लागला होता, तो मी काढायला लावला आणि त्याला भेटून सांगितलं की चूक आमची होती.

यात एआय खोटं बोललं का? नाही. त्याने असे हजारो रिपोर्ट वाचलेले असणार आणि त्यातल्या बऱ्याच रिपोर्टमध्ये शेवटी ऑपरेटरच्याच गळ्यात पडलेलं असतं, त्याने तेच आम्हाला परत दिलं, जास्त चांगल्या इंग्रजीत. मला भीती याचीच वाटते. आधी वाईट रिपोर्ट वाईट दिसायचा, वाचणाऱ्याला शंका यायची, फोन करायचा. आता न केलेलं काम केल्यासारखं दिसतं. त्या वीस मिनिटांत आम्ही जो वेळ वाचवला तो मशीनपर्यंत चालत जायचा वेळ होता. तेव्हापासून नियम केलाय, चौथा टप्पा उघडतच नाही जोपर्यंत कुणीतरी मशीनवर जाऊन तिथला फोटो वेळेसकट लावत नाही आणि मशीनवरच्या माणसाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत, मराठी-हिंदी जसं असेल तसं, लिहीत नाही. त्यानंतर भाषा एआयने खुशाल करावी, त्यात ते आमच्यापेक्षा चांगलं आहे.

आणि हे फक्त कारखान्यात होतं असं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका कंपनीचा आयकर आकारणीचा आदेश रद्द केला, कारण त्यात आधार म्हणून दिलेले तीन निवाडे मुळात अस्तित्वातच नव्हते, आणि एआयच्या काळात सिस्टिमने दिलेलं डोळे झाकून घेऊ नका, आधी पडताळून घ्या, असं कोर्टाने बजावलं. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला घरच्या माणसाच्या निधनानंतरच्या सवलतीच्या तिकिटाबद्दल चुकीची माहिती दिली होती, कंपनी म्हणाली चॅटबॉट आपल्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने ते साफ नाकारून भरपाई कंपनीलाच द्यायला लावली. मला हे निकाल वाचून बरं वाटलं. सही करणाऱ्याने वाचलेलं असलं पाहिजे, त्यात सवलत नको.

एमडींच्या प्रश्नाकडे येतो. त्यांनी कुठेतरी क्लार्नाचं वाचलं होतं. स्वीडनची पेमेंट कंपनी, फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी जाहीर केलं की त्यांचा एआय असिस्टंट ७०० माणसांचं काम करतो, पहिल्याच महिन्यात दोन तृतीयांश चॅट त्याने सांभाळले. मी एमडींना पुढचंही सांगितलं, २०२५ मध्ये क्लार्नाच्याच सीईओंनी मान्य केलं की खर्चाकडे जास्त बघितलं आणि दर्जा घसरला, आणि मग ते परत माणसं घ्यायला लागले. याचा अर्थ तंत्र फसलं असा मी घेत नाही, तो असिस्टंट चालूच आहे. पण आकडा आधी आणि विचार नंतर असं केलं की माणसं गेल्यावर कळतं त्यांना काय काय येत होतं.

त्यावरून आठवलं, एरिक ब्रिन्योल्फसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. पाच हजारांहून जास्त कस्टमर सपोर्ट एजंट, त्यांना एआय मदतनीस दिला, तर तेवढ्याच वेळात सरासरी १४ टक्के जास्त काम उरकलं, पण नवख्या लोकांचं ३४ टक्के जास्त आणि जुन्या तरबेज लोकांचं जवळजवळ काहीच नाही. याचं कारण बघा, एआय शिकलं होतं त्या तरबेज लोकांच्याच संभाषणांवरून. म्हणजे जुन्यांचं कसब उचलून नव्यांना दिलं. उत्तम गोष्ट आहे, पण ज्यांचं कसब होतं त्यांना त्याचं काय मिळालं हा प्रश्न कंपनीच्या मीटिंगमध्ये कुणी काढत नाही.

आम्ही काकांच्या बाबतीत तो काढला. मेंटेनन्सच्या नोंदी आमच्याकडे कधीच नीट नव्हत्या, फिटरला ब्रेकडाउन स्लिप इंग्रजीत भरायची म्हणजे तो "मशीन स्टॉप" आणि "मशीन ओके" एवढंच लिहायचा. आता तो फोनवर मराठीत बोलतो, "स्पिंडल गुरगुरतोय, बेल्ट सैल नाहीये, बेअरिंगच असणार," आणि त्याची नोंद होते. दोन वर्षांपूर्वी हे परवडत नव्हतं हेही खरं, ही मॉडेल्स मजकुराचे तुकडे करून मोजतात आणि पैसे त्या तुकड्यांवर, मराठीचे तुकडे फारच पडायचे, मे २०२४ मध्ये ओपनएआयने नवीन मॉडेल आणलं तेव्हा त्यांनीच दाखवलेल्या उदाहरणात एका मराठी मजकुराचे ९६ तुकडे व्हायचे ते ३३ वर आले. आपल्या भाषेत बोललेलं स्वस्त होणं ही आमच्या शॉपफ्लोअरसाठी मोठी गोष्ट ठरली, कारण जे ज्ञान आहे ते तिथे मराठीतच आहे. तर काका रोज अर्धा तास डायबद्दल बोलतात, ते साठतंय. त्या बदल्यात ठरलं की प्रत्येक नोंदीवर त्यांचं नाव राहील, त्यांचा ओव्हरटाइमचा तोटा होणार नाही, आणि रोज दुपारी एक तास आयटीआयची तीन पोरं त्यांच्याबरोबर डायवर असतील. कारण स्प्रे कुठे लवकर वाळतो हे बघायला आधी कुणीतरी दाखवावं लागतं की बाबा रे, इथे बघ.

तर तो रकाना. एआयच्या प्रत्येक प्रपोजलला मी आता एकच शीट लावतो. काम काय, आज किती तास लागतात, मोजून, पुढे किती लागतील, सही कुणाची, आणि शेवटचा रकाना, वाचलेले तास कुठे जाणार. तो खरेदीच्या आधी भरायचा, नंतर नाही, आणि ज्याच्याकडे माणसांचा निर्णय आहे त्याने स्वतःच्या अक्षरात भरायचा.

मंगळवारी जे प्रपोजल होतं ते फायनल इन्स्पेक्शनला कॅमेरे लावायचं. तिथे आमच्या चौदा जणी बसतात, राजगुरुनगरकडून, शेलपिंपळगावकडून कंपनीच्या बसने येतात, बहुतेक कॉन्ट्रॅक्टवर. पांढऱ्या ट्यूबलाइटखाली पार्ट हातात फिरवून फिरवून ब्लो होल, क्रॅक, बर शोधायचे, आठ तास. डोळे दुखतात, मान धरते, हे काम मशीनने करावं असं मला मनापासून वाटतं. त्यांच्यातल्याच एक ताई मला मागे म्हणाल्या होत्या, "सर, आम्ही इथे शेवटी बसून खराब पार्ट बाजूला काढतो, पण तो खराब कुठे होतो ते आम्हाला माहितेय, तिकडे कुणी विचारत नाही." मी एमडींना तेच सांगितलं, की यांना कास्टिंगच्या बाजूला घ्या, डायवरून पार्ट पडला की दोन मिनिटांत बघणारं माणूस तिथे हवंय, रिजेक्शन तिथेच थांबेल, पुढे मशीनिंगचा खर्च वाया जाणार नाही. ट्रेनिंगचा खर्च किती तेही मांडला.

त्यांनी बराच वेळ शीट बघितली. मग खिशातलं पेन काढून रकान्यात लिहिलं, "६ जणी, इन-प्रोसेस, कास्टिंग." पुन्हा थोडा वेळ थांबले, आणि पेन बंद करून म्हणाले, "बाकीचं मला विचार करू दे."

आठ जणींपुढचा रकाना अजून कोरा आहे. कॅमेऱ्यांची पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, तयार होऊन माझ्या टेबलावर आहे, वेंडरचे रोज दोन फोन येतात. मी सही केलेली नाही.